भंगारातले संगणक आणि आपल्या शाळेच्या बावीस फ्लॉप्या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील दुपारच्या सत्रातले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर रोज कोणी ना कोणी बोलतंच आहे, मला जरा उलट्या दिशेला जाऊ द्या. इंजिनिअरिंग झाल्यापासून मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. ते पोटापाण्याचं काम. त्याशिवाय गेली दहाएक वर्षं सुट्टीच्या दिवशी मी भंगारातून बंद पडलेले जुने संगणक आणते आणि ते चालू करायचा प्रयत्न करते. घरी या खोलीला 'आईचा उकिरडा' म्हणतात. सासूबाई पहिल्या वर्षी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं, "यातलं काही विकलं जातं का गं?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी तो विषय कायमचा सोडून दिला.

हौस म्हणून याकडे बघितलं तर त्यात सांगण्यासारखं फार नाही. कोणी जुन्या स्कूटर जमवतं, कोणी नाणी. पण हे करता करता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्या पिढीनं त्या यंत्रांवर जे लिहून ठेवलं, ते वाचायची वाट या यंत्रांतूनच जाते, आणि ती वाट दर पावसाळ्यात थोडी थोडी बुजते आहे. आपल्या शाळेच्या बाबतीत ती जवळजवळ बुजलीच होती. ती गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी हे संगणक मिळतात कुठे आणि जिवंत कसे होतात ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे कुलपांपासून कॅमेऱ्याच्या भिंगांपर्यंत काहीही मिळतं. सुटे भाग हवे असतील तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे, मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे. पण माझी खरी ठिकाणं म्हणजे भंगाराची गोदामं. कचेऱ्या आणि कॉलेजं यांची जुनी यंत्रं लिलावात निघतात आणि किलोच्या भावानं विकली जातात. संगणक म्हणून त्यांना तिथे किंमत नसते. पत्र्याची पेटी एका ढिगात, तांब्याच्या वायरी दुसऱ्या ढिगात, चिपा बसवलेल्या हिरव्या पाट्या तिसऱ्या ढिगात.

एका गोदामाच्या चाचांशी माझी आता जुनी ओळख आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा ते म्हणाले, "ताई, हा चालायचा नाही हां."

"चालत नाही म्हणूनच घेते, चाचा."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग न्या. पण उद्या परत आणू नका."

आता ते स्वतःच फोन करतात. "ताई, जाड कीबोर्डवाला एक आलाय. तोडू का ठेवू?" तो फोन एक दिवस उशिरा आला, तर यंत्र गेलेलं असतं.

तोडल्यावर त्याचं काय होतं, हेही आपल्याला माहीत असायला हवं. प्लास्टिक जाळून वायरीतलं तांबं काढतात. पाट्यांच्या कडेला जोडणीसाठी सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. तो काढण्यासाठी काही ठिकाणी उघड्यावर तेजाबाचे टब भरलेले असतात. गुंजभर सोन्यासाठी माणसं फुप्फुसं जाळून घेतात. सोल्डरमध्ये शिसं, जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं, बॅटरीत कॅडमियम. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर तिच्या कचऱ्याची जबाबदारी टाकलेली आहे. नियम चांगले आहेत, पण आपल्या दारावरून जाणाऱ्या हातगाडीपर्यंत ते अजून पोचलेले दिसत नाहीत. चाचांसारख्या माणसांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी वेचलं नसतं तर हे सगळं ओढ्यात गेलं असतं.

आता यंत्र घरी आणलं, तर पहिली गोष्ट काय करायची? सगळ्यांना वाटतं, प्लग लावून बघायचा. तेच नेमकं करायचं नाही. हा माझ्या खोलीतला पहिला नियम आहे आणि आज तुम्ही इथून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

कारण सांगते. माझ्याकडे बीबीसी मायक्रो नावाचा एक संगणक आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणला. लोकांना संगणक शिकवण्यासाठी बीबीसीनं जो उपक्रम काढला, त्यासाठी हे यंत्र होतं. आपल्याकडेही त्याचं नातं आहे. केंद्र सरकारनं १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळा होत्या आणि त्यांना हेच यंत्र दिलं गेलं. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं ते परवाना घेऊन 'युनिकॉर्न' या नावानं भारतात बनवलं. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. आज सकाळी आपल्या ग्रुपवर जे सुप्रभातचं गुलाबाचं फूल आलं, ते एक फूलसुद्धा त्यात मावणार नाही.

या यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी, पिवळट पारदर्शक कवचाचे छोटे कपॅसिटर आहेत. आत कागदाचे थर असतात. तीस-चाळीस वर्षांत कवचाला बारीक चिरा जातात आणि हवेतली ओल कागदात शिरते. मग कोणी उत्साहानं प्लग लावतो, यंत्र चालू होतं, सगळे टाळ्या वाजवतात आणि थोड्या वेळानं आतून फट्‌ आवाज येऊन खोलीभर घाणेरडा धूर होतो. बदलायचा भाग चहा-बिस्किटाच्या किमतीत मिळतो. तो आधी बदलला की काम झालं.

म्हणून आधी पेटी उघडायची, नाकानं वास घ्यायचा, डोळ्यांनी बघायचं. वीजपुरवठ्याच्या डब्यात हात घालण्याआधी मोठा कपॅसिटर रिकामा झाला आहे ना ते मोजायचं, कारण आपल्या २३० व्होल्टचे आत सुमारे ३२५ व्होल्ट झालेले असतात आणि प्लग काढला तरी ते काही काळ तिथे बसून राहतात. मग पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीजमध्ये बल्ब लावून. आपल्या गावातले वायरमन फिरोदीपासून मोटारीपर्यंत सगळं असंच तपासतात. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं, ते वायरमनकडूनच शिकले.

बीबीसी मायक्रो चालू केला की तो आधी 'बू' असा आवाज काढतो आणि लगेच 'बीप' करून गप्प होतो. 'बू' थांबलाच नाही, तर समजायचं की आवाजाच्या चिपला वीज मिळाली, पण तिला गप्प करणारा प्रोसेसर कामाला लागलेला नाही. माझ्या यंत्राचं असंच होतं. त्याच्या मुख्य चिपा सोल्डर केलेल्या नाहीत, खोबणीत बसवलेल्या आहेत. एकेक हलकेच उपसून पायांवरचा काळा थर पुसला आणि पुन्हा दाबून बसवली. तिसऱ्या चिपेनंतर 'बू' थांबला, बीप झालं आणि स्क्रीनवर नाव उमटलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. धाकटी लेक झोपेतून उठून आली आणि म्हणाली, "आई, उकिरडा बोलला का?"

या यंत्राची बेसिक भाषा सोफी विल्सन या इंजिनिअर बाईंनी लिहिली, हे इथे बसलेल्या आठवी-नववीच्या मुलींना मुद्दाम सांगते. पुढे त्यांनी आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम नावाचा प्रोसेसर रचला. त्याची पहिली चिप २६ एप्रिल १९८५ ला आली आणि ती बीबीसी मायक्रोला जोडूनच चालवून पाहिली. तुमच्या हातातल्या मोबाइलमधला प्रोसेसर बहुतेक त्याच घराण्यातला आहे.

दहा वर्षांत पन्नासेक यंत्रं उघडल्यावर मला एक कळलं. यांतले महागडे भाग फारसे मरत नाहीत. प्रोसेसर चाळीस वर्षांनी चालतो, स्मृतीच्या चिपा बऱ्याचदा चालतात. मरतात त्या स्वस्त गोष्टी, म्हणजे कपॅसिटर, रबरी पट्टे आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बॅटरी. आपल्या कोकणातल्या घरासारखंच आहे हे. चिऱ्याच्या भिंती शंभर वर्षं उभ्या राहतात, पण दर पावसाळ्याआधी घर शाकारलं नाही तर कौलांतून आलेलं पाणी सगळं घर बसवतं.

बॅटरीचं जरा सविस्तर सांगते, कारण तीच आपल्या शाळेच्या गोष्टीत येणार आहे. २८६ आणि ३८६ संगणकांच्या मुख्य पाटीवर छोट्या पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची बॅटरी सोल्डर केलेली असे. यंत्र बंद असताना तारीख, वेळ आणि कोणती डिस्क जोडली आहे ही माहिती तिच्या जोरावर टिकायची. ही बॅटरी काही वर्षांनी गळते. आतला क्षार पाटीवर पसरतो, हिरवी-निळी बुरशी आल्यासारखी दिसते आणि केसाएवढ्या बारीक तांब्याच्या रेषा तो खाऊन टाकतो. यंत्र वापरात नसताना, कपाटात, कापडाखाली झाकून ठेवलेलं असतानाही हे चालूच असतं. नीट जपून ठेवलं आहे असं आपल्याला वाटत असतं, आणि ते आतून खाल्लं जात असतं.

आता शाळेची गोष्ट.

आपल्यापैकी १९९२ च्या आसपास शाळेत असलेल्यांना कार्यालयातला तो संगणक आठवत असेल. मुंबईच्या एका माजी विद्यार्थ्यानं तो शाळेला दिला होता. त्याला चौकड्यांचं झाकण होतं. खोलीत चपला काढून जायचं, आणि जायचं म्हणजे दारापर्यंतच. आत फक्त लिपिक भाऊ. ते २८६ यंत्र होतं आणि त्यात जिस्ट कार्ड होतं. तरुण मंडळींसाठी सांगते, त्या काळचा डॉसवर चालणारा संगणक फक्त इंग्रजी दाखवायचा. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं हे तंत्र होतं. ते कार्ड खाचेत बसवलं की त्याच काळ्या स्क्रीनवर देवनागरी उमटायची. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचं नाव 'परम' महासंगणकामुळे सगळ्यांना माहीत आहे, पण कचेऱ्या-कचेऱ्यांतून संगणकावर मराठी दिसायला लागली ती या कार्डासारख्या कामामुळे.

त्याच वर्षी, आम्ही आठवीत असताना, आपल्या मराठीच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीत एक अभ्यास दिला होता. आजीकडे बसायचं आणि तिला येत असलेल्या जात्यावरच्या ओव्या, ती म्हणेल तशाच, तिच्याच बोलीत वहीत उतरवून आणायच्या. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा तेच दिलं. आम्ही कुरकुर केली होती. सरांनी त्या वह्या जमा केल्या आणि लिपिक भाऊंना सुट्टीत बसवून सगळं संगणकावर उतरवून घेतलं. त्यांना पुस्तक काढायचं होतं. मग सर निवृत्त झाले, पुस्तक राहिलं. सर आज आपल्यात नाहीत. वह्या लाकडी कपाटात होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. म्हणजे उरल्या त्या फक्त फ्लॉप्या.

तीन वर्षांपूर्वी शाळा नव्या इमारतीत जायला निघाली तेव्हा डेड स्टॉक रजिस्टर तपासलं गेलं. त्यात एक नोंद होती, 'संगणक (बंद) एक, फ्लॉपी एक खोका.' निर्लेखनाच्या यादीत ती आली होती आणि भंगारवाल्याला निरोपही गेला होता. सध्याच्या लिपिक ताईंनी सहज फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला, 'कोणाला आठवण म्हणून हवा आहे का?' मी लगेच फोन केला आणि सांगितलं, काहीही करा, पण प्लग लावू नका. रीतसर अर्ज करून, संस्थेची परवानगी घेऊन मी तो मे महिन्यात पुण्याला नेला.

पेटी उघडली तर बॅटरी गळलेली होतीच. आधी ती कापून काढली. व्हिनेगरनं क्षार मारला, मग पाण्यानं आणि अल्कोहोलनं पाटी धुतली, वाळवली. भिंगातून पाहिलं तर आठ रेषा तुटलेल्या. त्या बारीक तारेनं एकेक करून जोडल्या. त्याला तीन रविवार गेले. आतली हार्ड डिस्क अडकलेली होती, ती काही हलली नाही. पण जिस्ट कार्ड बॅटरीपासून लांबच्या खाचेत होतं, ते धडधाकट निघालं.

खोक्यात बावीस फ्लॉप्या होत्या, सव्वापाच इंची, प्रत्येकी १.२ मेगाबाइटच्या. फ्लॉपी म्हणजे काळ्या लवचीक पाकिटात एक गोल पातळ चकती. तिच्यावर लोहाच्या संयुगाचा चुंबकीय लेप असतो. आपल्या दमट हवेत त्या लेपावर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर वाचणारं डोकं त्या ठिपक्यांवरून घासत जातं, लेप खरवडतं आणि अक्षरं कायमची जातात. म्हणून प्रत्येक पाकीट एका कडेनं कापलं, चकती बाहेर काढली, अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ कापडानं पुसली, वाळवली आणि दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घातली. हे काम माझ्या दोन्ही मुलींनी केलं. मग जुना ड्राइव्ह ग्रीझवीझल नावाच्या एका छोट्या पाटीमार्फत लॅपटॉपला जोडला. ही पाटी फाइल मागत नाही. चकतीवर चुंबकाची दिशा कुठे कुठे बदलते, ती सगळी चढउतार जशीच्या तशी टिपून घेते. एकदा टिपलं की पुढचं डोकं खाजवणं लॅपटॉपवर करता येतं, चकतीला पुन्हा हात लावावा लागत नाही.

बावीसपैकी सोळा पूर्ण वाचता आल्या, चार अर्ध्यामुर्ध्या, आणि दोन काही केल्या वाचल्या गेल्या नाहीत. सोळांपैकी एक जिस्ट कार्डाच्या प्रणालीची होती, हे आपलं नशीब. बाकीच्यांत शाळेची पत्रं, निकालपत्रकं, वार्षिक अंकाचा मजकूर आणि सरांच्या ओव्या. सहाशेहून जास्त ओव्या.

इथे कोणी विचारेल, की मजकूर लॅपटॉपवर आला, मग ते जुनं यंत्र कशाला हवं? मलाही आधी तसंच वाटत होतं. त्या काळी भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची संकेतपद्धती होती, १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. आज आपण मोबाइलवर जे युनिकोड वापरतो, त्यातल्या देवनागरीची मांडणी आधीच्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. म्हणजे एका संकेताचं दुसऱ्यात रूपांतर करणं फारसं कठीण नाही. मी एक तयार प्रणाली चालवली आणि ओव्या स्क्रीनवर आल्या.

एका ओवीत माहेरच्या वाटेचं वर्णन होतं आणि वाटेत 'दर्या' लागतो असं दिसत होतं. आपण कोकणातले, दर्या वाचून कोणाला शंका येणार? पण सरांनी आम्हाला आचार्यास आणि आचाऱ्यास यांतला फरक घोटून घोटून शिकवला होता, आणि या ओवीतल्या आजीचं माहेर, पुढच्या ओळीवरून, घाटावरचं होतं. म्हणून दुरुस्त केलेल्या त्या २८६ वर जिस्ट कार्डातून तीच फाइल उघडली. स्क्रीनवर स्पष्ट दिसलं, 'दऱ्या'. माहेर समुद्रापलीकडे नव्हतं, दऱ्या-डोंगरांपलीकडे होतं. मूळ मजकुरात हा फरक एका जादा खुणेनं दाखवलेला होता आणि रूपांतर करणाऱ्या प्रणालीनं ती खूण गाळली होती. मग सगळ्या ओव्या त्या यंत्रावर पुन्हा एकेक करून ताडून पाहिल्या. अशा एकेचाळीस जागा निघाल्या.

जुनं यंत्र यासाठी हवं असतं. मूळ मजकूर कसा दिसत होता, याचा ते साक्षीदार आहे. साक्षीदार गेला की उरतो तो फक्त आपला तर्क. आणि आपल्या भाषेत अशा गोष्टी खूप असणार. नव्वदीच्या दशकात मराठीत संगणकावर भरपूर लिहिलं गेलं. छोटे छापखाने, साप्ताहिकं, दिवाळी अंक, पतपेढ्या, भजनी मंडळं. कोणी जिस्टवर, कोणी निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटवर. त्यातलं बरंचसं आज उघडलं तर चिन्हांची रांगोळी दिसते.

आता एक शेवटचा मुद्दा, माझ्या धंद्यातला. हे २८६ तीन रविवारांत दुरुस्त झालं, कारण ते दुरुस्त होण्यासारखं बनवलेलं होतं. पेटीला स्क्रू होते, गोंद नव्हता. चिपा बाजारात सहज मिळणाऱ्या होत्या. आयबीएमनं १९८१ च्या पहिल्या पीसीबरोबर जे तांत्रिक पुस्तक काढलं, त्यात सर्किटचे पूर्ण नकाशे छापलेले होते. आजचा पातळ फोन उघडला तर बॅटरी चिकटवलेली आणि स्मृती पाटीवर कायमची डकवलेली असते. त्यामुळे तो पातळ होतो, हे खरं. पण ते कोणीतरी टेबलापाशी बसून ठरवलेलं असतं, आणि वेगळंही ठरवता येतं. आपल्या शाळेतून पुढे इंजिनिअर होणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावं, एवढंच.

सगळंच जपून ठेवा असं मी मुळीच म्हणत नाही. तसं केलं तर माळ्याची अडगळ होते. मी स्वतः आणलेल्यांतली निम्मी यंत्रं, त्यातले उपयोगी भाग काढून, नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राला देते. तुमच्या माळ्यावर जुना संगणक असेल तर एवढं करा. प्लग लावू नका. पेटी उघडून बॅटरी काढून घ्या किंवा माहितगाराकडून काढवा. फ्लॉप्या आणि डिस्क वेगळ्या करा, त्यांवर काय आहे ते आठवत असेल तोवर कागदावर लिहा आणि कोरड्या जागी ठेवा. त्यानंतर बाकीचं भंगारात जाऊ दे.

शाळेला माझी विनंती आहे की नव्या प्रयोगशाळेत एक टेबल या यंत्रासाठी द्यावं. ते मी परत आणलं आहे, आता ते शाळेचं आहे. डेड स्टॉक रजिस्टरमधला 'बंद' हा शब्द लिपिक ताईंनी काल खोडला, त्याबद्दल त्यांचे आभार. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आठ दिवस येईन आणि ज्यांना स्क्रू काढायला आवडतं अशा मुलामुलींना घेऊन बसेन. फक्त एक अट आहे. चपला घालून आत यायला परवानगी असावी.

आणि एक काम तुमच्यासाठी. डॉसमध्ये फाइलला आठच अक्षरांचं नाव देता यायचं. त्यामुळे लिपिक भाऊंनी प्रत्येक फाइलला फक्त इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक दिला आहे. आठवी ब, एकतीस. नववी अ, सात. त्या वर्षांचे हजेरीपट वह्यांबरोबरच वाळवीनं नेले. म्हणजे ओव्या हाताशी आहेत, पण त्या कोणाच्या आजीच्या, ते कागदावर कुठेच उरलेलं नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

चहाच्या टेबलाशेजारी मी याद्या लावल्या आहेत. क्रमांक आहे आणि त्यापुढे ओवीची पहिली ओळ. स्वतःचा हजेरी क्रमांक आठवत असेल तर उत्तम, नसेल तर ओळी वाचत जा, आजीचा आवाज ओळखू येईल. समोरच्या रिकाम्या रकान्यात तिचं पूर्ण नाव, गाव आणि माहेरचं गाव लिहा. ज्या चार फ्लॉप्या अर्ध्याच वाचता आल्या, त्यांतल्या तुटलेल्या ओव्यांची यादी वेगळ्या, पिवळ्या कागदावर आहे. तुमच्या आईला किंवा आत्याला पुढची ओळ येत असेल, तर आजच फोन करून विचारा. पेन टेबलावर ठेवली आहेत.